माडीवरचा सामना

लोकांच्या मनातून उतरण्यासाठी माणसाला फार मोठा अपराध करावा लागत नाही. कोल्हापुरात राहावे, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा दिवस उजाडावा, आणि गच्चीवर पडदा बांधून साठ माणसांची सोय करणाऱ्या मित्राला सांगावे, "मी येत नाही बुवा. मला सामना पाहावयाचा आहे." एवढे पुरते. हे वाक्य मी दर चार वर्षांनी उच्चारतो आणि दर चार वर्षांनी एकदोन मित्र गमावतो. 'माणूस तसा बरा आहे, पण जरा शिष्ट,' असे माझ्याविषयीचे मत आता आमच्या पेठेत कायम झाले आहे.

खरे सांगावयाचे तर गर्दीवर माझा राग नाही. शाहू स्टेडियमवर मी गर्दीतच बसतो. आमच्या गावी कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ बाळगले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे तालमींची आणि संघांचीही. तालमीचे पोर मैदानावर उतरले की सारी पेठ त्याच्यामागे धावते, आणि त्या आरडाओरड्यात मीही घसा बसवून घेतो. पण तेथे मारलेली हाक खेळाडूच्या कानांवर पडते. टीव्हीसमोर बसून मारलेली हाक फक्त शेजारच्या माणसाच्या कानात शिरते, आणि त्याला बिचाऱ्याला गोल मारावयाचा नसतो!

गर्दीने माझे पहिले नुकसान केले ते १९८६ साली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. २९ जूनच्या रात्री साडेअकरा वाजता मेक्सिकोतला अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा आमच्या वाड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे निदान चाळीस माणसे दाटीवाटीने बसली होती. अर्जेंटिनाने दोन गोलांची आघाडी घेतली, पश्चिम जर्मनीने ती फेडली. मग मध्यरात्र उलटून तास झाल्यावर मॅराडोनाने बुरुचागाच्या वाटेत तो सुप्रसिद्ध पास सोडला आणि सामना जिंकला. त्या पासाचे वर्णन मी आजवर अनेकांना रंगवून सांगितले आहे. वस्तुस्थिती अशी की त्या क्षणी माझ्यासमोर वाड्यातल्या एका काकांची पाठ होती. काका उठले, मागोमाग वाडा उठला, आणि मी उठलो तेव्हा जल्लोष चालला होता. मी मॅराडोनाचा भक्त झालो तो न पाहिलेल्या पासामुळे!

पण हे झाले गमतीचे. गर्दीतून मी कायमचा उठलो त्याला कारण वेगळे घडले.

९ जुलै २०१४ ची पहाट. ब्राझील आणि जर्मनी यांचा उपांत्य सामना आपल्याकडे रात्री दीड वाजता सुरू झाला. आमच्याकडे पेठापेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिना असे दोन तट पडतात. झेंडे लागतात, फलक उभे राहतात, पैजा झडतात. त्या रात्री एका मंडळाच्या पडद्यापुढे दोन्ही तट एकत्र बसले होते. अर्ध्या तासाच्या आत जर्मनीने पाच गोल केले. पहिल्या दोन गोलांना आमच्या अर्जेंटिनावाल्यांनी फटाके लावले. पुढच्यांना फटाक्यांचीही जरुरी राहिली नाही, नुसते हसणेच पुरले. पुढच्या रांगेत पिवळा सदरा घातलेला एक दहा-बारा वर्षांचा पोरगा गुडघ्यांत डोके घालून हुंदके देत होता. कुणीतरी त्याचे डोके वर केले, कुणीतरी त्याच्या तोंडावर मोबाइलचा उजेड पाडला, आणि सारी बैठक खदखदून हसली.

मीही हसलो.

घरी येऊन अंथरुणावर पडलो, पण झोप लागेना. एकटा असतो तर त्या पोराला पाहून मी हसलो असतो काय? सातापैकी एकही गोल मला नीट आठवत नव्हता. त्या पोराचे ओले तोंड मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हते.

त्याच आठवड्यात, रविवारी, मी मुरगूडची एस.टी. पकडली. मुरगुडात माझी आक्का दिली आहे. वेदगंगेकाठचे हे गाव, निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. पावसाळ्यात भाताची खाचरे, हिवाळ्यात बिद्रीच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्या, आणि बाराही महिने कुस्तीच्या गप्पा. आमचे दाजी तरुणपणी लाल मातीत लोळलेले. फुटबॉलशी त्यांचा संबंध नव्हता. पण रात्री साडेबाराला मी माडीवर आवाज बंद करून टीव्ही लावला, तेव्हा तेही घोंगडी पांघरून शेजारी येऊन बसले.

"चालू द्या, पाव्हणं," ते म्हणाले, "मला तशीबी झोप न्हाई."

पहिला अर्धा तास मी त्यांना ऑफसाइडचा नियम शिकवण्यात घालवला. पानाचा डबा म्हणजे गोल, अडकित्ता म्हणजे शेवटून दुसरा बचावपटू, चुन्याची डबी म्हणजे पुढे घुसलेला गडी. दाजींनी चुन्याची डबी दोनदा मागेपुढे सरकवून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजे पास सुटायच्या आधी फुडं जाऊन बसायचं न्हाई. बरोबर हाय." कोल्हापुरात वर्षानुवर्षे फुटबॉल पाहणाऱ्या काही मंडळींना जे उमगलेले नाही, ते या पैलवानाने एका पानात आत्मसात केले.

मग त्यांनी मला शिकवावयास सुरुवात केली. "चेंडू काय बघताय, पाव्हणं? गडी बघा. कुस्तीत हात बघणारा फसतो. पाय कुठं वळला ते बघावं." त्या रात्री मी प्रथमच चेंडूवाचून चाललेला फुटबॉल पाहिला. कोण कुणाला ओढून नेतो, कोण रिकामी जागा धरून ठेवतो, कोण दमला असून दमल्याचे लपवतो, हे सारे दिसू लागले. ११३ व्या मिनिटाला ग्योत्झेने छातीवर चेंडू घेऊन गोल केला आणि अर्जेंटिना हरली. मी हूं की चूं केले नाही. दाजीही बोलले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला, माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि ते झोपावयास गेले. सांत्वनाचा याहून चांगला प्रकार मला ठाऊक नाही.

तेव्हापासून अंतिम सामना मुरगुडात, हा माझा नेम झाला. १८ डिसेंबर २०२२ लाही मी तेथेच होतो. पण यावेळी घोटाळा झाला. लुसैलमधला सामना आपल्याकडे रात्री साडेआठलाच सुरू होणार होता, म्हणजे सारे गाव जागे! शिवाय भाच्याने माडीवरच्या टीव्हीवर सामना इंटरनेटवरून लावला होता, आणि तो चौकातल्या टीव्हीच्या काही सेकंद मागे चालत होता. परिणाम असा की, आमच्या मेस्सीने पेनल्टीसाठी धाव घेण्यापूर्वीच चौकात फटाके वाजले. गर्दी टाळण्यासाठी मी कोल्हापूर सोडले, तर गर्दी निरोप्या होऊन खिडकीतून आत आली!

मी चडफडू लागलो. दाजी शांत होते. "निकाल कळला म्हणून काय झालं? डाव कसा पडला ते तर बघू." पुढे पुन्हा फटाके वाजले, तेव्हा आम्हांला ठाऊक होते की आता गोल होणार. म्हणून की काय, मी एरवी पाहिले नसते ते पाहिले. मॅक ऍलिस्टरने चेंडू मेस्सीकडे दिला आणि तो थांबला नाही, तसाच पुढे धावत सुटला. मेस्सीकडून चेंडू आल्वारेझकडे, त्याच्याकडून पुन्हा धावत आलेल्या मॅक ऍलिस्टरकडे, आणि त्याने आडवा दिलेला चेंडू दी मारियाने जाळ्यात घातला. "दिलं आन् थांबला न्हाई," दाजी पुटपुटले. चौकात मात्र ते दी मारियाचे नाव घेऊन नाचत होते.

ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास चौक अकस्मात गप्प झाला. त्या शांततेने आमच्या पोटात गोळा आला. एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल फेडले. जादा वेळेत मेस्सीने एक केला, एम्बापेने तोही फेडला. तीन-तीन. शेवटी पेनल्ट्यांवर अर्जेंटिना चार-दोन अशी जिंकली, आणि तेही आम्हांला चौकानेच आधी सांगितले.

छत्तीस वर्षांनी जिंकली होती! माडीवर मी आणि दाजी एकमेकांकडे पाहत बसलो. दुःख दोघांत मावले होते. हा आनंद काही मावेना. "चला," दाजी काठी घेत म्हणाले, "पेढा तर खाऊन येऊ."

चौकात गुलाल उडत होता. अनोळखी हातांनी आमच्या तोंडात पेढे कोंबले, आणि मला, शिष्ट माणसाला, ते अतिशय गोड लागले. तेवढ्यात बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर एक पोरगा दिसला. अंगात फ्रान्सचा निळा सदरा, पाठीवर दहाचा आकडा. हुंदके आवरत तो एकटाच बसला होता. दोघे-तिघे त्याच्याकडे बोट दाखवून हसू लागले होते. माझ्या छातीत चर्र झाले.

मी पुढे होणार इतक्यात दाजी काठी टेकत त्याच्याशेजारी जाऊन बसले.

"बाळ, मला यातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "तीन-तीन झालं म्हंजे बरोबरीची कुस्ती. आमच्या आखाड्यात पंचांनी दोघांचे हात वर केलं असतं. मग ही हरली कशी तुझी मंडळी?"

पोराने नाक पुसले. "आजोबा, पेनल्टी असत्यात पाच पाच..."

"म्हंजे कसं?"

पोरगा सांगू लागला. पायरीवर खडे मांडून गोल कुठे, गोलरक्षक कुठे, हे दाखवू लागला. दाजी मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारीत होते आणि पोरगा त्यांच्या अज्ञानावर वैतागत होता. हसणारी पोरे जवळ आली, आणि तीही दाजींना नियम समजावू लागली. कुणीतरी ऑफसाइडपर्यंत पोचले.

"हे ऑफसाइड म्हंजे काय भानगड?" दाजींनी विचारले, आणि माझ्याकडे एकवार पाहिले.

मी पेढा चघळत गप्प उभा राहिलो.