नोटिशीचे तीस दिवस

प्रेमकथांची मालिका लिहायला घेतली की मी सगळ्यात आधी खलनायकाला बाहेर काढते. मिशीला पीळ देणारा काका किंवा घरात आग लावणारी आत्या आली, की वाचकाचा सगळा राग तिकडे जातो. मग नायिकेला काही निवडावंच लागत नाही. वाईट माणसांपासून पळून जायचं, एवढंच उरतं.

सध्याच्या मालिकेतली माझी नायिका बार्शीची, नोकरीला पुण्यात. मुलगाही बार्शीचाच, पण दुसऱ्या जातीचा. तिला अडवतो तो तिचा बाप, ज्यानं भावकीशी भांडून तिला शिकायला पुण्याला पाठवलं होतं. तो हात उगारत नाही, जातीचं नावही काढत नाही. 'तुझ्या बहिणीला उद्या कोण करून घेईल?' एवढंच विचारतो. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण अशा घरांत बंदी याच भाषेत घातली जाते. धाकटीच्या सोयरिकीचं ओझं थोरलीच्या मनावर टाकलं जातं. आणि ते खोटंही नसतं. भावकी खरोखरच तसं वागते.

अशा प्रेमातला ताण मी कल्पनेनं उभा करत बसत नाही, १९५४ चा विशेष विवाह कायदा उघडते. या कायद्यानं लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावतात आणि आक्षेपासाठी ३० दिवस मोकळे ठेवतात. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथंही लागते. म्हणजे पुण्यात दिलेला कागद सोलापूर जिल्ह्यात पोचतो. आक्षेपाची कारणं कायद्यानं मोजकीच ठेवली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याजोगी मनःस्थिती नसणं, निषिद्ध नातं. जात त्यात बसतच नाही. पण घरच्यांना रीतसर आक्षेप कुठं घ्यायचा असतो? त्यांना नुसती बातमी लागली तरी पुरतं. त्यात नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा नव्यानं नोटीस. सज्ञान जोडप्याच्या लग्नात जातपंचायतीनं किंवा इतर कुणीही आडवं येणं बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शक्ती वाहिनी प्रकरणात स्पष्ट सांगितलं. जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याबद्दलही बजावलं. माझ्या नायिकेला हे माहीत आहे. तरीही त्या ३० दिवसांत ती रोज घरी फोन करते आणि आईशी भाजीचे भाव बोलत राहते. तो भाग मला मालिकेत सर्वांत जवळचा आहे.

नागराज मंजुळे यांच्या २०१६ च्या 'सैराट'बद्दल बोलताना लोक त्याच्या शेवटाबद्दल बोलतात. मला मात्र हैदराबादमधला भाग पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. ती भाड्याची खोली, आर्ची-परश्याची भांडणं, आणि सगळं मार्गी लागल्यावर आर्चीनं आईला केलेला फोन. प्रेम मिळालेलं असतं, तरी मन आईकडे ओढ घेतं. मनाई मोडून केलेल्या प्रेमातला खरा भंग मला तिथं दिसतो.

रोमान्समध्ये जोडपं शेवटी एकत्र यावं ही वाचकाची अपेक्षा असते आणि मी ती मानते. या मुलामुलींना गोष्टीत तरी जगू द्यावं, असं मला मनापासून वाटतं. पण लग्नाच्या सहीवर मी भाग संपवत नाही. तीन साक्षीदार लागतात. दोन ऑफिसातले मित्र, तिसऱ्या घरमालकीणबाई. पुढचं पान पंचमीचं. माहेराहून कुणी न्यायला येत नाही. मुलगा तिला जपतो, तिच्या आवडीचं करून घालतो, पण त्या जागी तो बसू शकत नाही आणि हे त्यालाही कळतं. प्रियकर गमावल्याचं दुःख आपल्या साहित्यात भरपूर लिहिलं गेलं आहे. प्रियकर मिळाला म्हणून माहेर गेलं, या दुःखाला मालिकेत बरेच भाग द्यावेत असं माझं ठाम मत आहे, कारण ते एका रडण्यात संपत नाही. सण येतो, बाळंतपण येतं, बापाचं आजारपण दुसऱ्याकडून कळतं, आणि दर वेळी ते नव्यानं समोर उभं राहतं.

बापाला मी मऊ करणार का, असं वाचक विचारतात. इतक्यात नाही. मालिकेचं दुसरं पुस्तक धाकटीचं आहे. जिच्या सोयरिकीचं नाव घेऊन थोरलीला अडवलं, तिला त्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्याच भागात तिला बघायला पाहुणे येतात आणि थोरल्या बहिणीची चौकशी करतात. 'ती पुण्यात असते, तिचं लग्न झालंय,' असं ती बापाच्या आधी सांगून टाकते.