ठरलेल्या निकालाची कुस्ती

चि. निखिल यास,


तुझं पत्र मिळालं. ‘मावशी, ती टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती म्हणजे सगळी नुरा कुस्ती. निकाल आधीच ठरलेला, मग एवढा जीव लावून बघायचं कशाला?’ असं तू विचारलंयस. निकाल ठरलेला असतो हे खरंच आहे, आता ते कुणी लपवतही नाही. पण म्हणून रिंगमध्ये खरं काहीच नसतं, हे मला मान्य नाही. १९९७ या एकाच वर्षातल्या तीन लढती तुला सांगते.

पहिली २३ मार्चची, शिकागोजवळच्या रोझमाँटमधली, ‘रेसलमेनिया १३’ची. कॅनडातल्या कॅल्गरीचा ब्रेट हार्ट विरुद्ध टेक्ससचा स्टीव्ह ऑस्टिन. ब्रेट नायक, ऑस्टिन शिवराळ खलनायक. समोरच्याने शरण यायला हवं, नुसतं चीत करून भागणार नाही, अशी अट. अजिंक्यपद पणाला नव्हतंच. ते त्या रात्री अंडरटेकरने सायको सिडकडून घेतलं. पण लोक अजून आठवण काढतात ती या लढतीची.

शेवटी ब्रेटने ‘शार्पशूटर’ लावला. ऑस्टिन पालथा, त्याचे पाय ब्रेटच्या पायात अडकलेले, कंबर मागे ओढलेली. कपाळातून निघालेलं रक्त आवळलेल्या दातांवरून ओघळत होतं. ते कपाळ आपणच, ऑस्टिनच्या संमतीने, ब्लेडने कापलं होतं, असं ब्रेटने पुढे सांगितलं. ऑस्टिनने हातांवर जोर देऊन धड उचललं, एकदा तर डाव जवळजवळ सोडवला. पण सुटका झाली नाही, आणि शरणही तो गेला नाही. त्याची शुद्ध हरपल्यावर रेफरी केन शॅमरॉकने लढत थांबवली. तरी ब्रेट त्याला मारतच राहिला आणि प्रेक्षक उलटले. ऑस्टिन कुणाची मदत न घेता लंगडत निघाला तेव्हा लोक त्याच्याच नावाचा घोष करत होते. वीस-बावीस मिनिटांत नायक आणि खलनायक यांची अदलाबदल झाली. जिंकूनही लोकांचा रोष ब्रेटने अंगावर घेतला आणि प्रतिस्पर्ध्याला मोठं केलं. साधारण वर्षभराने ऑस्टिन अजिंक्यवीर झाला.

दुसरी ३ ऑगस्टची, न्यू जर्सीतल्या ‘समरस्लॅम’ची. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन याने ऑस्टिनला उलटं धरून खाली आणलं आणि ऑस्टिनचं डोकं थेट मॅटवर आदळलं. मानेला जबर दुखापत झाली, हातापायांतलं बळच गेलं. इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपद मात्र ठरल्याप्रमाणे त्यालाच मिळायचं होतं. ओवेनने प्रेक्षकांना डिवचत वेळ काढला. ऑस्टिन सरपटत आला, मागून त्याला कसंबसं लोळवलं, आणि तीन मोजून होईपर्यंत ओवेन खांदे टेकवून पडून राहिला. त्या मानेवर ऑस्टिनला पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

तिसरी ९ नोव्हेंबरची, मॉन्ट्रियलमधली. ब्रेट अजिंक्यवीर, समोर शॉन मायकल्स. ब्रेट या लढती भरवणारी कंपनी सोडून प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूकडे निघाला होता. त्या रात्री, कॅनडात, आपल्या माणसांसमोर त्याने अजिंक्यपदाचा बेल्ट हरायचा नाही, असं मालक विन्स मॅकमॅहनशी बोलणं झालं होतं. मायकल्सने ब्रेटचाच शार्पशूटर त्याला लावला. ब्रेट शरण आलेला नसताना मॅकमॅहनने रिंगजवळ उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेट रिंगमधून त्याच्या तोंडावर थुंकला. त्या थुंकण्यात अभिनय नव्हता. ब्रेट आणि मायकल्स यांनी सगळ्यांसमोर हात मिळवला तो थेट २०१० मध्ये.

आता बघ, तिन्ही ठिकाणी निकाल आधी ठरला होता. रोझमाँटला दोघांनी एकमेकांचा शब्द राखला. न्यू जर्सीत भलताच अपघात होऊनही राखला. मॉन्ट्रियलला मालकाने तो मोडला, आणि त्याची जखम बारा वर्षं भरली नाही. आपली मान, आपली पाठ, आपलं नाव हे पैलवान प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतात. तो ते सांभाळेल की नाही, हे कुठल्याही संहितेत लिहिता येत नाही. मी बघते ते यासाठी.

सवड काढून रोझमाँटची लढत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघ. कोण जिंकतं ते तुला आता ठाऊकच आहे. म्हणून नजर हरणाऱ्यावर ठेव.

तुझी,
मावशी