वडनेरच्या वाटेवरची स्टेपनी

वणा नदीकाठचे हिंगणघाट मागे टाकून दक्षिणेला निघाले की नागपूर-हैदराबाद महामार्गावर वडनेर लागते. पूर्वी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ होता. आता त्याला ४४ क्रमांक मिळाला असून श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंतची वाहतूक त्यावरून चालते. हाच रस्ता पुढे वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात उतरतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी कसदार जमीन. पावसाळ्यात पायाला चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन ही इथली पिके. त्यांत मान मोठा पऱ्हाटीचा. इंग्रजांच्या काळात हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारापर्यंत गावाच्या नावाने ओळखला जाई. तो वारसा या शिवाराचाही आहे.

महामार्गावर घटकाभर उभे राहिले तर ट्रकांची रांग सरता सरत नाही. कोणी संत्री घेऊन चाललेला, कोणी लोखंड. माल वेगळा, नंबरपाटी वेगळ्या राज्याची. पण एक गोष्ट सगळ्यांकडे सारखी, ती म्हणजे स्टेपनी. चारही चाके कालच नवी बसवली असली तरी जाणता ड्रायव्हर स्टेपनीवाचून फाटकाबाहेर पडत नाही. ड्रायव्हर लोकांना कळलेली ही गोष्ट शेतीत आपण किती पाळतो, याचा विचार गेल्या हंगामात वडनेरच्या एका फेरीने करायला लावला.

दसरा होऊन गेला होता. शिवारातली पऱ्हाटी छातीला लागत होती. गुलाबी बोंडअळीचे फोटो काढून संध्याकाळी गावात सभा घ्यायची आणि पडद्यावर ते फोटो दाखवायचे, असे ठरले होते. या अळीची खोड वाचकांना ठाऊक आहेच. लहान असतानाच ती बोंडात शिरते आणि शिरलेले भोक बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. म्हणून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही.

ज्या वावरात गेलो ते एका विधवा बाईंचे. मुलगा पुण्याला नोकरीला, शेती त्या स्वतः पाहतात. पऱ्हाटी दृष्ट लागावी अशी. त्या म्हणाल्या, "साहेब, औंदा तं काहीच रोग नाही दिसत. मंग कायले फवारा मारू?"

"मावशी, बोंडं फोडून पाहू, मग ठरवू," असे म्हणून वीस झाडांवरून एकेक हिरवे बोंड तोडले. तिसरेच बोंड फोडले तर आत गुलाबी अळी वळवळत होती. कॅमेरा डोळ्याला लावला आणि तो तिथेच बंद पडला. भिंग अर्धे बाहेर आले, करकर आवाज झाला, पुढे काही हालेना. कॅमेरा नवा होता. आठ दिवस घरी वापरून, शे-दीडशे फोटो काढून पाहिलेला होता. बॅटरी भरलेली होती. बाईंनी विचारले, "नवाच होय ना हा? मंग असा कसा रुसला?"

प्रश्न रास्त होता. यंत्रांचा अभ्यास करणारे सांगतात की वस्तू दोन काळांत जास्त बिघडते: अगदी नवी असताना आणि अगदी जुनी झाल्यावर. नव्या वस्तूत कारखान्यातले एखादे वैगुण्य लपलेले असते, ते पहिल्या काही दिवसांत वर येते. तेवढा काळ निभावला की ती बरीच वर्षे बिनतक्रार चालते. म्हणजे नवे ते खात्रीचे, ही आपली समजूत अपुरी आहे. बोंडासारखेच ते, वरून सुबक, आत काय आहे ते फोडल्यावर कळते.

पिशवीत जुना कॅमेरा होता. त्याचा एक कोपरा फुटलेला, पट्टा सुतळीचा. पण त्याने अळीचे, पोखरलेल्या सरकीचे आणि डोमकळीचे चांगले फोटो दिले. वीस बोंडांपैकी पाच बोंडांत अळी निघाली. वीसात दोन बोंडे किडकी निघाली तरी उपाय करावा, असे शास्त्र सांगते. इथे तर पाच. फोडलेली बोंडे आणि शेजारच्या वावरांतून तोडलेली आणखी काही, अशी कागदी पिशवीत भरून बरोबर घेतली.

संध्याकाळी सभेला माणसे जमली. पडदा लावला, फोटो संगणकात उतरवले. तेवढ्यात परतीच्या पावसाचे ढग उठले, वारा सुटला आणि गावाची वीज गेली. आता दोन कॅमेरे असते काय नि दहा असते काय, सगळे सारखेच! तेव्हा ती कागदी पिशवी कामाला आली. दोघातिघांनी मोबाईलचा उजेड धरला. बोंडे हातोहात फिरली, ज्याने त्याने चाकूने आपापले बोंड फोडले. एका म्हाताऱ्या पाटलांनी अळी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "फोटो पाहून म्या म्हणलो असतो, हे दुसऱ्या गावचं असंन. हे तं आपल्या धुऱ्यावरचं होय!" त्या रात्री एकरी दोन कामगंध सापळे लावायचे, किडके बोंड व डोमकळी वेचून नष्ट करायची आणि फरदड न ठेवता वेळेवर पऱ्हाटी उपटायची, असे बहुतेकांनी ठरवले. बाईंनीही दुसऱ्या दिवशी फवारणीची तयारी केली.

यातून निघते ती गोष्ट अशी. पहिला कॅमेरा बंद पडला तेव्हा दुसरा कॅमेरा उपयोगी पडला. पण वीज गेली तेव्हा विजेवर चालणारी सारीच साधने एकदम आडवी झाली. उपयोगी पडले ते विजेची गरजच नसलेले साधन. म्हणजे राखीव वस्तू नुसती दुसरी असून भागत नाही, ती वेगळ्या जातीची असावी लागते. ज्या कारणाने पहिली पडेल, त्याच कारणाने दुसरी पडता कामा नये.

बीटी कापसाची कथा हेच सांगते. २००२ साली आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा अळीला मारणारे एक जनुक त्यात होते. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. एकाला अळी दाद देईना तर दुसरे आहे, असा भरवसा. २०१० साली गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला पचवू लागल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्यालाही तिने पचवले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाने त्याचा तडाखा सोसला. दोन्ही जनुके एकाच घराण्यातली. खरी वेगळी जोड होती ती पाकिटासोबत मिळणाऱ्या १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याची. ते कडेने पेरले असते तर त्यावर वाढलेले साधे पतंग बळावलेल्या पतंगांशी जोडी करत आणि अळीचा चिवटपणा लवकर वाढला नसता. पण ते पाकीट पुष्कळ ठिकाणी बांधावरच पडून राहिले.

आपल्या जिल्ह्यातल्या सेवाग्रामचीही एक आठवण इथे सांगण्याजोगी आहे. कनू गांधींना बापूंनी फोटो काढू दिले, पण फ्लॅश वापरायचा नाही, ही अट घातली. त्यांनी खिडकीतून, अंगणातून येईल त्या उजेडावर काम केले. उलट १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट ही अमेरिकेची नामांकित छायाचित्रकार बापूंचा चरख्याजवळचा फोटो काढायला आली, तेव्हा तिला फ्लॅशचे तीनच बल्ब वापरण्याची मुभा मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्यावर जो फोटो निघाला तो जगभर गाजला. एकीने जास्तीच्या बल्बावर निभावले, दुसऱ्याला बल्बाची गरजच पडली नाही. दोन्ही रीती शिकण्यासारख्या आहेत.

आता घरचा हिशेब पाहू. बॅटरीचा फवारणी पंप घेतला म्हणून जुना हातपंप भंगारात देऊ नका. वीज दोन दिवस गेली तर दुसरा बॅटरी पंपही चार्ज होणार नाही. चार आण्यांच्या मोलाचे वायसर आणि एक जास्तीचा नोझल डबीत ठेवा, ऐन फवारणीत दुकान सापडत नाही. सोयाबीनचे चांगले बियाणे घरचे राखा. हे पीक स्वपरागी असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे चालते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. सत्तर किंवा अधिक उगवले तर पेरायला हरकत नाही. विकतचे बियाणे उगवले नाही तरी हंगाम हातचा जाणार नाही.

कागदांचेही तसेच. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण मोबाईलने पिकाचा फोटो काढून नोंद करतो. ती अवश्य करा, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता करा. पण मोबाईल पाण्यात पडतो, बिघडतो, हरवतो. म्हणून बियाण्याची पक्की पावती, पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर बियाणे पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. तक्रारीची वेळ आली तर हाच पुरावा बोलतो, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

वडनेरवरून जाताना ट्रकच्या अंगावरची स्टेपनी दिसली तर आपल्या घरी कोणकोणत्या गोष्टींना स्टेपनी नाही, हे मनाशी मोजून पाहा. ते मोजायचे काम पेरणीच्या आधीचे आहे.