झंस्कार नदीच्या घळईतून

लडाखला जाणारे बहुतेक प्रवासी लेहचा राजवाडा, पँगाँगचे निळे सरोवर आणि दोन-चार गोम्पा पाहून परततात. पण लेहपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, निम्मू गावापाशी, सिंधूला मिळणारी झंस्कार नदी रबरी होडीतून पाहिली नाही तर लडाखचे अर्धे दर्शन राहून जाते. गेल्या जुलैत रजा प्रवास सवलतीवर पत्नी आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसह मला तो योग आला. आम्हा तिघांपैकी कोणालाही पोहता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण “पोहता येत नाही, मग ते आपले काम नव्हे,” असे म्हणणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचावर आहे. हवा विरळ. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही नुसती विश्रांती घेतली, पाणी भरपूर प्यायलो. तिसऱ्या दिवशी गाडीने निम्मूवरून चिलिंगला निघालो. नदीच्या काठाने डोंगर कोरून काढलेला हा रस्ता. पूर्वी हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की झंस्कारची माणसे गोठलेल्या नदीवरून, ‘चादर’वरून, कित्येक दिवस चालत लेहला येत. शाळेला जाणारी मुलेसुद्धा त्याच बर्फावरून चालत. मार्च २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता सीमा सडक संघटनेने जोडून पूर्ण केला. वाटेत तोंडाला फडकी बांधून खडी पसरणारे मजूर दिसले. घरदार सोडून इतक्या उंचावर पोटासाठी आलेली ही माणसे!

चिलिंग हे तांबटांचे गाव. सतराव्या शतकात शे येथील भव्य बुद्धमूर्ती घडविण्यासाठी नेपाळहून कारागीर आणले गेले. तांब्याच्या पत्र्याची, सोन्याचा मुलामा दिलेली ती मूर्ती तीन मजल्यांइतकी उंच आहे. काम संपल्यावर त्यांतील काहीजण चिलिंगला स्थायिक झाले आणि त्यांचे वंशज तांबे-पितळेची भांडी, पळ्या घडवू लागले. शेला जाऊन तथागतांच्या त्या शांत मुद्रेपुढे हात जोडताना, ती घडविणाऱ्या हातांचे गाव आपण पाहिले आहे, याचे समाधान वाटते.

आमचा मार्गदर्शकही नेपाळचाच, पंचविशीतला तरुण. त्याने आधी अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख दिले, मग जीवरक्षक जाकीट आणि हेल्मेट. जाकिटाचा प्रत्येक पट्टा त्याने स्वतः ओढून पाहिला. मग काठावरच शिकवणी झाली. ‘फॉरवर्ड’ म्हटले की सर्वांनी एकदम वल्हे मारायचे, ‘स्टॉप’ म्हटले की थांबायचे. पाण्यात पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे ठेवा, आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कदापि करू नका, कारण दगडांच्या फटीत पाय अडकतो. पत्नीचा चेहरा पाहून तो म्हणाला, “दीदी, तैरना नहीं आता तो कोई बात नहीं. बस, मेरी बात सुनना.”

चिलिंग ते निम्मू सुमारे २८ किलोमीटर. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये मातकट पाणी आणि वर आभाळाची एक पट्टी. भारतीय भूखंड आशियाला धडकून हिमालय उचलला गेला, तेव्हा खडकाचे थर अक्षरशः उभे राहिले. जांभळे, हिरवे, तांबूस थर फडताळात लावलेल्या वह्यांसारखे दिसतात. जिथे बाजूच्या नाल्यांनी मोठे धोंडे आणून टाकले आहेत किंवा पात्र अरुंद झाले आहे, तिथे पाणी उसळते. यालाच रॅपिड म्हणतात. पहिल्या रॅपिडमध्ये होडीचे तोंड वर गेले आणि बर्फाचे पाणी अंगावर कोसळले. पत्नी ओरडली, “अहो, धरा मला!” पण तिने वल्हे सोडले नाही. तिसऱ्या रॅपिडला तीच मुलीला सांगत होती, “जोर लाव, पोरी!”

हा टप्पा मध्यम अवघड मानला जातो, तरी नदीला गृहीत धरू नये. ३१ डिसेंबर २०१४ रोजी झंस्कारच्या त्सारप या उपनदीवर दरड कोसळून पाणी तुंबले. ७ मे २०१५ रोजी तो बांध फुटला आणि खालचे कित्येक पूल वाहून गेले. म्हणून मार्गदर्शक ‘आज नको’ म्हणाला तर पैशासाठी हुज्जत घालू नये. परवानाधारक संस्थाच निवडावी, सोबत बचावासाठी छोटी कयाक होडी आहे ना, हे विचारावे. हृदयविकार असणारे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी काठावरूनच नदी पाहावी.

निम्मूला झंस्कार आणि सिंधू भेटतात. दोन रंगांचे पाणी काही अंतर शेजारी-शेजारी वाहते आणि मग एक होते. तिथे उतरून चहा घेताना मुलीने त्या तरुणाला विचारले, “हंगाम संपल्यावर काय करता?” तो म्हणाला, सप्टेंबरात इकडचे काम संपते, मग हृषीकेशला गंगेवर जायचे, मध्ये जमले तर गावी.

वाचक बंधू-भगिनींनो, वर्षभर पै-पै साठवणाऱ्या आपल्या घरांनी एखादे वर्ष अशा प्रवासासाठी जरूर राखून ठेवावे. बायका-मुलींना आवर्जून न्यावे. भीती घरात बसून जात नाही. आणि तिथे गेल्यावर डोंगर-नदीबरोबर माणसेही पाहावीत. सारे प्रवासी संगमावर फोटो काढण्यात दंग होते, तेव्हा आमचा मार्गदर्शक आणि त्याचे दोन साथीदार ती ओली, जड होडी डोक्यावर घेऊन चढावरच्या गाडीकडे निघाले होते. मुलगी धावत गेली आणि तिने वल्ह्यांचा भारा उचलला.