कपाटातील तीन बॅटऱ्या

आमच्या घरी ड्रोन आला तो पुतण्याच्या हट्टापायी. वसईतील लग्नांची छायाचित्रे काढून तो चरितार्थ चालवतो. आणि चर्चच्या दारातून बाहेर पडणारे वधूवर आकाशातून टिपलेले नसले, तर हल्ली यजमानांचे समाधान होत नाही. यंत्रासाठी पतपेढीचे कर्ज काढले. जामीन अर्थातच आम्ही.

२०२२ साली हंगामातले शेवटचे लग्न मेअखेरीस झाले. पावसात ड्रोन उडत नाही, म्हणून पुतण्याने तिन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरून लोखंडी कपाटात ठेवल्या. हा सल्ला आमचाच. इन्व्हर्टरची बॅटरी रिकामी पडून राहिली, की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो व ती निकामी होते, एवढे आम्हांला ठाऊक होते. तोच नियम आम्ही मोठ्या अधिकाराने लिथियमलाही लावला.

सप्टेंबरात कपाट उघडले, तो दोन बॅटऱ्यांची पोटे फुगलेली. "काका, जरा दाबून बसवू का?" पुतण्याने विचारले. सुदैवाने त्या वेळी आम्हांला उपदेश सुचला नाही. आम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने त्यांना हात न लावता आम्हांलाच समजावले.

पूर्ण भरलेल्या लिथियम कोशाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. त्या स्थितीत तो महिनोन्‌महिने पडून राहिला, की आतील द्रावणाचे हळूहळू विघटन होते, वायू निर्माण होतो आणि मऊ पिशवी फुगते. उष्णतेने हे सारे अधिक वेगाने घडते. आमचे कपाट तर पत्र्याच्या छपराखाली! पार रिकामी ठेवणेही तितकेच घातक, कारण दाब फारच खाली गेला तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पडून राहायचे असेल, तर प्रत्येक कोश सुमारे ३.८ व्होल्टवर, म्हणजे निम्म्याच्या आसपास हवा. काही बॅटऱ्या थोड्या दिवसांनी आपणहून उतरतात म्हणे. आमच्या तेवढ्या शहाण्या नव्हत्या.

त्या दोघींना फोडणे वा कचऱ्यात टाकणे धोक्याचे. ई-कचरा घेणारा मिळेपर्यंत आठवडाभर त्या अंगणात वाळूच्या बादलीत राहिल्या आणि आमची सौ. त्या बाजूने फिरकली नाही. नव्या दोन घेताना पतपेढीचे दोन हप्ते थकले. ते कोणी भरले, हे सांगावयास नको.

आता बॅटरी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी भरली जाते, तीही उघड्या लादीवर आणि कोणीतरी समोर बसून. पाव भाग शिल्लक असतानाच ड्रोन खाली उतरतो. उतरलेली बॅटरी तापलेली असते; ती हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावायची नाही. उपवासकाळात लग्ने सहसा नसतात, तेव्हा बॅटऱ्या निम्म्या भरून आतल्या, थंड खोलीत ठेवतो आणि महिन्यातून एकदा पाहतो.

त्या पावसाळ्यातून वाचलेली तिसरी अजून आहे. पूर्वी ती पंचवीस मिनिटे उडवी, आता जेमतेम सोळा. लग्नाला तिला कोणी नेत नाही. पुतण्या तिच्यावर आम्हांला अंगणात ड्रोन उडवायला शिकवतो आहे.