आत्याची गोळ्यांची डबी

आज अंबडला आत्याकडे गेले. डबीत सोमवारपासूनच्या गोळ्या तशाच. "अगं, झाकणच निघत नाही," म्हणाली, संधिवाताने वाकडी झालेली बोटं पदराखाली लपवत. दोन्ही लेकरं पुण्यात. पैसे वेळेवर येतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाहभत्ताही मिळतो, महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. झाकण कोण उघडणार?

जालन्यात स्टीलच्या कारखान्याला माणूस मिळतो, मोसंबी तोडायलाही. म्हातारीला आंघोळ घालायला मात्र नाही. म्हणून हेच काम सुरू करायचं. सेवाबिवा नाही, चक्क धंदा. शिकवून तयार केलेल्या बायका, महिन्याचा पगार.

आई म्हणाली, "लोक नावं ठेवतील."

ठेवू देत. निघताना आत्याच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणं सैल करून आले.