अर्थ नसलेले घर

रोह्याच्या भाड्याच्या घरात आमचा लॅपटॉप अगदी निमूट असतो. शनिवारी दुपारी तोच लॅपटॉप घेऊन आम्ही पेणला आईकडे जातो, माजघरातल्या टेबलावर चार्जर लावून बसतो, आणि मनगट त्या धातूच्या कडेला टेकले की झिणझिण्या येऊ लागतात. बोट अलगद फिरवावे तर गुळगुळीत पत्रा खरखरीत, किंचित थरथरता भासतो. चार्जर काढला की खरखर नाहीशी. यंत्र तेच, चार्जर तोच, बोटेही आमचीच; मग पेण आणि रोहा यांत फरक तो काय?

साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर सवयीप्रमाणे स्वतःच्या मनात शोधले. जुने घर, वडिलांच्या पश्चात तिथे एकटी राहणारी आई, आठवड्यातून एकदा उगवणारे आम्ही. तो अपराधभावच बोटांतून झिणझिणत असावा, असे एक टिपणही आम्ही लिहून ठेवले होते. सुदैवाने ते कुठे छापले गेले नाही.

खरे कारण अगदीच गद्य निघाले. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर चार्जर कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात करतो. हे करताना निर्माण होणारा विद्युत गोंगाट इतर उपकरणांना बाधू नये म्हणून आत छोटे कपॅसिटर बसवलेले असतात आणि त्यांतून अत्यल्प प्रवाह झिरपत राहतो. चार्जरच्या तिसऱ्या पिनेतून त्याला जमिनीत जायला वाट असली तर तो मुकाट्याने निघून जातो. वाट नसली तर लॅपटॉपच्या आवरणावर सुमारे शंभर व्होल्टचा दाब तरंगत राहतो आणि तो प्रवाह हात टेकणाऱ्याच्या अंगातून वाट काढतो. धड चार्जरमध्ये हा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आसपास रोखलेला असतो. म्हणून बोटांना कळते, पण इजा होत नाही. दिवा लागलेला असताना त्याचा पितळी होल्डर एरवीइतका गुळगुळीत लागत नाही, हे अमेरिकेत एडवर्ड मॅलिनक्रॉट यांच्याही योगायोगानेच लक्षात आले होते. त्या भासावरचा त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख १९५३ साली ‘सायन्स’मध्ये आला.

आमच्या जिल्ह्याचे आणि विजेचे नाते तसे जुने. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५चे, भिवपुरीचे १९२२चे, भिऱ्याचे १९२७चे. मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज देऊन कुंडलिकेतून रोह्यावरून समुद्राला मिळते. त्या पाण्याची पुढची वाट ठरलेली आहे. घरात शिरलेली वीज चुकली, तर तिने कुठून जावे, याचा विचार मात्र आमच्या पेणच्या घरात कुणी केलेला नव्हता.

वायरमनने सॉकेटचे झाकण उघडून दाखवले. छिद्रे तीन होती. वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती. “सर, ह्या घराला अर्थच नाही,” तो म्हणाला.

आम्ही या वाक्यावर मनातल्या मनात खूश होत होतो, तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या आईने विचारले, “म्हणून फ्रीज चावतो का रे?”

फ्रीज चावतो, हे ती चार-पाच वर्षे सांगत होती. फ्रीजपुढे तिने लाकडी पाट टाकून ठेवला होता. त्यावर उभे राहिल्याशिवाय ती दार उघडत नसे. आम्ही हसून तिच्या वयाकडे बोट दाखवले होते. इतकेच नव्हे, तर चेतनगुणोक्ती अलंकार शिकवताना ‘फ्रीज चावतो’ हे घरचे उदाहरण म्हणून वर्गात वापरले होते. मुले हसत असत.

वायरमनने फ्रीज पुढे ओढला. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या तारेचे आवरण एके ठिकाणी झिजले होते. लॅपटॉपच्या झिणझिण्या हा त्याच्या रचनेचा भाग. ही गोष्ट वेगळी. तार पत्र्याला पुरती टेकली असती, तर अर्थिंग असलेल्या घरात मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज उडाला असता. इथे फ्यूज उडाला नसता. फ्रीज ओल्या पायांच्या माणसाची वाट पाहत राहिला असता. त्या घरात सुरक्षेचा उपाय एकच होता, आणि तो आईचा पाट होता.

“न्यूट्रलच तिसऱ्या भोकात जोडून द्या की,” असे शेजारच्यांनी सुचवले. वायरमनने साफ नकार दिला. बाहेर कुठे न्यूट्रल तुटली, तर घरातला प्रत्येक पत्रा जिवंत होईल, म्हणाला. त्याने परसात खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. मिठाने आणि ओलाव्याने माती वीज वाहून न्यायला तयार होते. पेण तालुक्यात मिठागरे असल्यावर मिठाला काय तोटा? आईने खड्यांचे मीठ आणवले आणि स्वतःच्या हाताने ओतले. मग प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार गेली, आणि मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्विच बसला.

“काकू, उन्हाळ्यात ह्याला पाणी घालत जा. जमीन सुकली की अर्थ जातो,” वायरमनने बजावले. आता तुळशीला घालून उरलेले पाणी आई त्या खड्ड्यात ओतते.

लॅपटॉप पेणलाही निमूट झाला आहे. पाट अजून फ्रीजपुढेच आहे. तो उचल असे सांगण्याचा अधिकार आम्ही गमावला आहे. चेतनगुणोक्तीसाठी आम्ही आता दुसरे उदाहरण घेतो.